पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही

२०१२ साली पुण्यात मेडिकल कोडिंगच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "गॉलब्लॅडर कुठे असतं?" मी म्हणाले, "लिव्हरच्या खालच्या अंगाला चिकटलेली हिरवट पिशवी असते. तिला नखसुद्धा लागू द्यायचं नाही. फुटली तर अख्खं लिव्हर कडू होतं." बाई खळखळून हसल्या. हे कुठल्या पुस्तकात वाचलंस, म्हणाल्या. मी सांगितलं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये पाहिलंय.

ते खोटं होतं. बार्शीत आमचं मटणाचं दुकान होतं. आम्ही खाटीक. रविवारी पहाटे माझे वडील, अण्णा, बोकड सोलायला घ्यायचे आणि मी हातात कंदील, नंतर बॅटरी धरून उभी असायची. कलेजी बाहेर काढली की ते सुऱ्याच्या टोकानं त्या पिशवीच्या मानेभोवतीचा जरासा भाग कलेजीसकट कापून अलगद बाजूला ठेवायचे. "पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे नोकरीत कोलेसिस्टेक्टॉमी हा शब्द समोर आला. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. मला हसूच आलं. अण्णा रविवारी पाच-सहा कोलेसिस्टेक्टॉमी करत होते आणि त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नव्हतं.

मुलाखतीत जातीचा धंदा सांगितला तर नोकरी हातची जाईल, असं तेव्हा वाटलं होतं. आज मी इतरांना शिकवते, दर शनिवार-रविवारी वीस-बावीस मुलं समोर बसतात. बी.एस्सी. झालेली, बी. फार्म. झालेली, काही बी.ए.एम.एस. झालेलीही. त्यांच्याकडे पाहून मला दर वेळी वाटतं, की या धंद्यात येणाऱ्या मराठी मुलांना आपण उलट्या बाजूनं शिकवतोय. नंबर आधी, शब्द नंतर आणि शरीर कधीच नाही.

मेडिकल कोडिंग म्हणजे काय, ते अण्णांना समजावलं होतं तसंच सांगते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी सुरीनं कापली. बार्शीतल्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. मी फोनवर विचारलं, "नखाला लागलं का? आत काही राहिलं नाही ना?" अण्णा वैतागले, "पोरी, दुखतंय का ते विचार की आधी." खरं होतं त्यांचं. पण माझ्या डोक्यात नंबर लागला होता: एस ६१.२११ ए. एस ६१ म्हणजे मनगट आणि हाताची उघडी जखम, त्यापुढचा २ म्हणजे अंगठा सोडून दुसरं बोट आणि नख शाबूत, मग १ म्हणजे चिरलंय पण आत काही अडकलेलं नाही, आणि शेवटचा १ म्हणजे डावी तर्जनी. उजवी असती तर शेवटी ० आलं असतं. ए म्हणजे उपचार अजून चालू आहेत. टाके काढायला गेले असते तर ए जाऊन तिथे डी आला असता. सुरीनं कापलं, याला वेगळा नंबर: डब्ल्यू २६.० एक्सएक्स ए. मधले दोन एक्स नुसते जागा अडवायला, एसटीत रुमाल टाकतात तसे. टाके घालण्याचा नंबर दुसऱ्याच पुस्तकातला, आणि तिथे टाके किती हे कुणी विचारत नाही. जखम किती सेंटीमीटर, ते विचारतात. अडीचपर्यंत एक नंबर, त्यापुढे साडेसातपर्यंत दुसरा.

अमेरिकेतले डॉक्टर जे लिहितात त्याचे असे नंबर करायचे, मग ते विमा कंपनीकडे जातात आणि पैसे सुटतात किंवा अडतात. हे काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबईत बसून चालतं. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, कारण पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. दिवसाला अमुक इतके चार्ट, अचूकता ९५ टक्के, हे गणित. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू पण तुकडेच करतीस. वजनाऐवजी नंबरावर."

मी लागले तेव्हा जुनी आयसीडी-९ होती. त्यात निदानांचे सुमारे १४ हजार नंबर. सीनियर लोकांना ते तोंडपाठ होते. मधुमेह २५०.००, रक्तदाब ४०१.९, झोपेतून उठवलं तरी सांगायचे. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेनं आयसीडी-१० चालू केली आणि एका रात्रीत नंबर सत्तर हजारांच्या घरात गेले. गाय धडकली त्याला वेगळा, बदक धडकलं त्याला वेगळा. वर्तमानपत्रांना बदकाची मजा वाटली. आमची झोप उडवली ती डाव्या-उजव्यानं. कुठलं हाड, हाडाचं कुठलं टोक, कुठल्या बाजूचं, बंद मोडलं की कातडी फाडून बाहेर आलं, आता पहिल्यांदा दाखवायला आलाय की जुळत नाही म्हणून परत आलाय. तोंडपाठ नंबरवाले त्या महिन्यात बावरून गेले. जे शरीर ओळखत होते त्यांना नव्या नंबरांशी जमवून घ्यायला दोन-तीन महिने लागले, इतकंच. ती गोष्ट मी विसरलेले नाही.

आणि तरी क्लासवाले पुन्हा तेच विकतायत. दर जिन्यात पाटी: पंचेचाळीस दिवसांत कोडर व्हा. आत गेलं की पहिल्याच दिवशी हातात झेरॉक्स. चारशे उपसर्ग, प्रत्यय आणि धातू, डावीकडे ग्रीक-लॅटिन, उजवीकडे इंग्रजी अर्थ. पाठ करा. माझ्याकडे नांदेडकडचा एक मुलगा आला होता. यादी खडाखडा म्हणायचा. "ऊफोर म्हणजे ओव्हरी, सॅल्पिंग म्हणजे ट्यूब, हिस्टर म्हणजे युटेरस." मी विचारलं, यातलं कुठे काय असतं, फळ्यावर काढ. खडू हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आमच्या कॉलेजात हे धडे कुणी वाचलेच नाहीत. सर म्हणाले, घरी वाचा." लाज त्याला वाटत होती, वाटायला हवी होती ती भलत्यांनाच.

त्याला दोन रविवार मी इंग्रजी शब्दांना हात लावू दिला नाही. मराठीत बोल म्हटलं. गर्भाशय, अंडाशय, अंडवाहिनी. बघता बघता गडी मोकळा झाला. कारण गर्भाशय या शब्दातच तो काय करतो ते लिहिलेलं आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला समास सोडवता येतो. षष्ठी तत्पुरुष म्हटलं की विग्रह करायची सवय हाताला असते. ग्रीक शब्दही तसाच मागून सोडवायचा असतो. शेवटी काय आहे ते बघ: कापून काढलं, नुसतं कापलं, की कापून तोंड उघडं ठेवलं? एक्टॉमी, टॉमी, स्टॉमी. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंडच. मग मागे सरक, कुणाचं ते बघ. चारशे शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा हा विग्रह सोपा आहे, आणि तो आपल्याला शाळेपासून येतो. पण कुठल्याही क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण क्लास घेणाऱ्यांना स्वतःलाच मराठी बोलणं कमीपणाचं वाटतं.

दुसरी गंमत. हे शब्द मोठे पंडिती वाटतात, पण ग्रीक-रोमन लोकांच्या कानाला ते रोजचे, घरगुती होते. पॅटेला म्हणजे छोटी ताटली, आणि आपण त्याच हाडाला काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. दोन हजार वर्षं आणि दोन समुद्र मध्ये टाकूनही माणसाला गुडघ्यात भांडंच दिसलं. टिबिया म्हणजे बासरी, आपली नडगी. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. खुब्याच्या खोबणीला अ‍ॅसिटॅब्युलम, म्हणजे व्हिनेगरची वाटी. माकडहाडाला कॉक्सिक्स, म्हणजे कोकीळ, चोचीसारखं दिसतं म्हणून. आम्हाला माकड दिसलं, त्यांना पाखरू. खवाटा, नडगी, पोटरी, घोटा, चवडा, कानशील, जांघ, काख हे शब्द माझ्या आईच्या तोंडात रोज होते. आज क्लासमध्ये मी "नडगीवर हात ठेवा" म्हणते तेव्हा निम्मे गुडघ्यावर ठेवतात. त्यांना धड टिबियाही येत नाही आणि नडगीही गेली.

मुलं हमखास विचारतात, एकाच अवयवाला दोन-दोन नावं का? किडनीला रीनल पण म्हणतात आणि नेफ्रो पण. मी विचारते, तुम्ही जल पिता का? नाही, पाणी पिता. पण मग जलसंधारण का म्हणता, पाणीसंधारण का नाही? तसंच आहे ते. धमनीचं नाव सांगायचं तेव्हा लॅटिनमधली रीनल, रोगाचं किंवा ऑपरेशनचं नाव बांधायचं तेव्हा सहसा ग्रीक नेफ्रो. एकदा हे कळलं की यादीतला गोंधळ बराचसा ओसरतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे हे नुसतं भाषाप्रेम नाही हे लक्षात येईल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी युरॉलॉजीचे चार्ट करत होते. मुतखड्याचा पेशंट, दुर्बीण घालून डबल-जे स्टेंट टाकलेला. त्याचा नंबर ५२३३२, युरेटरमधला स्टेंट. मी घाईत युरेथ्राचा लावला, ५२२८२. दोनच अक्षरांचा फरक, आणि स्क्रीनवर डोळे ताणून सातवा तास चालू होता. ऑडिटला पकडलं. टीममध्ये सगळ्यांसमोर चूक वाचून दाखवली, पगारातलं इन्सेन्टिव्ह गेलं. घरी येऊन मी वहीत मराठीत लिहून पाहिलं: मूत्रवाहिनी, मूत्रमार्ग. एक मूत्रपिंडातून मूत्राशयात आणते, दुसरा मूत्राशयातून बाहेर नेतो. खडा सरकत खाली येतो तेव्हा कळ येते ती मूत्रवाहिनीत. स्टेंट तिथेच लागणार ना! मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसूच शकत नाहीत. त्या दिवसापासून इंग्रजीत दिसायला सारखे शब्द आले की मी मनातल्या मनात मराठी करते. आयलियम एक छोट्या आतड्याचा शेवट, दुसरं आयलियम कमरेचं हाड. इंग्रजीत अक्षर एक इकडचं तिकडे, मराठीत आतडं आणि हाड. डिस्फेजिया म्हणजे गिळता येत नाही, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडथळा. घास आणि शब्द यांची गल्लत मराठीत कोण करेल?

शब्दांच्या या वाटेवर मला सगळ्यात सुखावून गेलेली गोष्ट मायलो या धातूची. ऑस्टिओमायलायटिसमध्ये तो हाडाच्या पोकळीशी जोडलेला, पोलिओमायलायटिसमध्ये पाठीच्या कण्यातल्या दोरीशी. पुस्तकात लिहिलेलं असतं, याचे अर्थ दोन, लक्षात ठेवा. मुलं चिडतात. मी त्यांना शाळेतलं विज्ञान आठवायला लावते. अस्थिमज्जा. मज्जारज्जू. आपणही तेच केलंय! हाडाच्या आत जे मऊ सापडलं ते मज्जा, मग ते मांडीच्या हाडात असो की मणक्यांच्या माळेत. कुणीतरी पहिल्यांदा हाड फोडून आत पाहिलं असेल तेव्हा अण्णांसारख्याच डोळ्यांनी पाहिलं असणार. नळी ओंडक्यावर ठेवून सत्तुराचा एक घाव घातला की आतून जे सरकतं ते, आणि पाठीचे तुकडे करताना मणक्यांतून जी पांढरी दोरी निघते ती, हाताला सारखीच लागतात.

दुकानातलं सगळंच कामाला येतं असं मात्र नाही. बोकडाच्या पोटाला चार कप्पे, आपल्याला एक. बोकड चार पायांवर, त्यामुळे पाठ वर आणि पोट खाली. माणसाचं सगळं शरीरशास्त्र उभ्या माणसावर बेतलेलं, तळवे पुढे करून. पहिले सहा महिने माझा पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं यात घोळ व्हायचा. भाषाही फसवते. काळीज म्हटलं की कवी छातीवर हात ठेवतो, आणि दुकानात येऊन कुणी "अर्धा किलो काळीज" म्हणालं की अण्णा यकृत तोलून द्यायचे. दोघंही मराठीच बोलत होते. म्हणून मी म्हणते, शब्दाला अवयव जोडलेला पाहिजे, नुसता दुसरा शब्द नव्हे.

आता पुष्कळ जण म्हणतील, काम इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, चार्ट अमेरिकन डॉक्टरांचे. मराठीचं लोढणं कशाला? सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेचं उदाहरण घ्या. शंभर प्रश्न, चार तास, आणि नंबरांची पुस्तकं समोर उघडी ठेवायला परवानगी. पुस्तकं उघडी असताना मुलं नापास का होतात? कारण प्रश्नात नुसते नंबर विचारत नाहीत. एका ऑपरेशनची हकीकत देतात आणि सर्जननं नेमकं काय केलं ते ओळखायला लावतात. पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली तर ४७५६२. त्याच वेळी नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला तर ४७५६३. नळी उघडून खडे शोधले तर ४७५६४. हकीकत वाचताना ती नळी डोळ्यासमोर दिसली नाही, तर पुस्तक उघडं असून काय उपयोग? आणि डोळ्यासमोर जे दिसतं ते माणसाला स्वतःच्या भाषेत लवकर दिसतं. इंग्रजी तिथून पुढे येतंच. आमची मुलं काही मठ्ठ नाहीत.

आता तर सॉफ्टवेअरच नंबर सुचवतं. शब्दाला शब्द जुळवणं त्याला माणसापेक्षा बरं जमतं. नुसत्या झेरॉक्सवर तयार झालेल्या मुलाचा मुकाबला थेट त्याच्याशी आहे, आणि त्यात तो हरणार. पण एमएस या दोन अक्षरांनी इथे हृदयाची झडप अरुंद झाली म्हणायचंय की चेतासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस, हे ठरवायला पूर्ण चार्ट वाचावा लागतो आणि माणूस डोळ्यासमोर आणावा लागतो.

माझं म्हणणं क्लासवाल्यांना आहे तसंच कॉलेजांनाही आहे. पहिला महिना नंबराचं पुस्तक उघडूच नका. प्राणिशास्त्राच्या पदवीतलं विच्छेदन यूजीसीनं बंद केलं, त्याचं मला दुःख नाही. बेडकांचा जीव वाचला. पण त्या जागी काय आलं? बहुतेक ठिकाणी एक धूळ खाणारा प्लास्टिकचा सांगाडा आणि फळ्यावरची आकृती. मी मुलांना स्वतःच्या अंगावर शिकवते. मनगटावर बोट ठेवा, अंगठ्याच्या बाजूला टेकाड लागतं ते रेडियसचं खालचं टोक. पडताना हात टेकला की मोडतं ते इथं. बरगड्या मोजा. गळ्यापासून बेंबीपर्यंत बोट फिरवत प्रत्येक टप्प्याखाली काय आहे ते मराठीत मोठ्यानं बोला. सुरुवातीला पोरी लाजतात, पोरं फिदीफिदी हसतात. दुसऱ्या आठवड्यात कुणी हसत नाही. फरशीवर एकाला झोपवून खडूनं बाह्यरेषा काढायची आणि बाकीच्यांनी आत अवयव भरायचे. एकदा एकीनं प्लीहा उजवीकडे काढली. कोपऱ्यातून एक मुलगा पुटपुटला, "तिल्ली डावीकडं असती." तो कुणाचा मुलगा आहे ते मला लगेच कळलं. मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. अजून दहा-बारा वर्षांनी सांगेल कदाचित.

अण्णांनी दुकान बंद केलं त्याला तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत बार्शीला गेले होते तेव्हा त्यांना मोबाइलवर शिकवणीसाठीचा एक व्हिडिओ दाखवला, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा. चष्मा लावून, मोबाइल नाकाशी धरून त्यांनी सगळा पाहिला. सर्जननं आधी नळीला क्लिपा मारल्या, मग मधून कापलं, मग कलेजीपासून पिशवी सोडवत नेली. अण्णा मध्येच श्वास रोखून धरत होते.

"माणसाचं हाय?"

"माणसाचं."

"कलेजीला धक्का लावला नाही बघ. आम्ही थोडी कलेजी सोडायचो पिशवीबरोबर, भीतीनं." पिशवी एका छोट्या थैलीत घालून बाहेर काढेपर्यंत ते बोलले नाहीत. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "फुटू दिली नाही. चांगला हात हाय. नंबर काय म्हणालीस ह्याचा?"

"सत्तेचाळीस हजार पाचशे बासष्ट."

"आणि फुटली असती तर?"

मी म्हणाले, नंबर तोच राहिला असता. अण्णांना ते अजिबात पटलं नाही.